रात्री आपोआप वाजणारा सायरन: झोन बायपास करण्याआधी काय तपासायचं

मी कोल्हापुरात चोरीच्या अलार्मची दुरुस्ती करतो. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की माझा फोन रात्री वाजायला लागतो. गुजरीतलं सराफी दुकान असो, मार्केट यार्डातलं गुळाचं गोदाम असो, नाहीतर शिरोली एमआयडीसीतला कारखाना असो, बोलणं ठरलेलं असतं. "दादा, दुकानाला कुलूप आहे, आत कुणी नाही, आणि सायरन बोंबलतोय. सगळी गल्ली उठलीय." पहिल्या रात्री मालक स्वतः धावत जातात. दुसऱ्या रात्री पोराला पाठवतात. तिसऱ्या रात्री कोड मारून तो झोनच, म्हणजे पॅनलला जोडलेला सेन्सरांचा तो भागच, बायपास करतात, म्हणजे पहाऱ्यातून वगळतात, आणि झोपतात.

मला काळजी वाटते ती त्या तिसऱ्या रात्रीची. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला मीच फोनवर सांगितलं होतं, "आजच्या रात्रीपुरता तीन नंबरचा झोन बायपास करा, उद्या येतो." दुसऱ्या दिवशी वेगळं काम निघालं, परवावर गेलं. चौथ्या रात्री चोर मागच्या खिडकीतून आत शिरला. ती खिडकी तीन नंबरवर होती. सिस्टीम चालू होती, बॅटरी भरलेली होती, सायरन ठणठणीत होता. तेव्हापासून मी फोनवर कुणालाही बायपास करा म्हणत नाही, काय तपासायचं ते सांगतो. तेच इथं लिहितोय. हे सगळं वायरवाल्या सिस्टीमबद्दल आहे, म्हणजे आठ किंवा सोळा झोनचं पॅनल (सगळ्या वायरी जिथं येतात ती पेटी), मोशन सेन्सर, शटरचे मॅग्नेट आणि बाहेर सायरन.

त्याआधी एक. सायरन खोटा आहे हे घरी बसून ठरवू नका, आणि एकट्यानं जाऊन शटरही उघडू नका. कुणालातरी सोबत घ्या, बाहेरूनच कुलपं, मागचं दार, खिडक्या, पत्रा बघा. काही उचकटलेलं दिसलं तर आत पाऊल टाकू नका, तिथूनच ११२ ला फोन करा. पुढचं सगळं दुसऱ्या दिवशी उजेडात करायचं काम आहे.

लक्षणं

सायरन कधी वाजतो यावरून निम्मा शोध लागतो, म्हणून आधी आपलं लक्षण ओळखा.

- वारा-पाऊस असेल त्याच रात्री वाजतो: शटरचा मॅग्नेट किंवा ओल धरलेला वायरचा जोड.
- लाइट गेल्यावर तासा-दोन तासांनी, किंवा लाइट येता-जाता वाजतो: बॅटरी.
- कधीही वाजतो, पण झोन नेहमी तोच: त्या सेन्सरमध्ये पाल, कोळी, मुंग्या.
- दुकान उघडताना किंवा बंद करतानाच वाजतो: प्रोग्रॅमिंग.
- भलत्याच वेळी सिस्टीम आपोआप लागते, म्हणजे पहाऱ्यावर जाते, मग माणसं आत असताना वाजते: पॅनलचं घड्याळ.
- तीन-चार झोन एकदम लागतात, म्हणजे अलार्म देतात: बॅटरी, वीजपुरवठा किंवा उंदरानं कुरतडलेली केबल.

पहिली तपासणी: पॅनलला विचारा

याला ना पैसा लागतो ना शिडी. बहुतेक पॅनलमध्ये घडलेल्या गोष्टींची नोंद राहते. कुठला झोन, किती वाजता, लाइट कधी गेली, कधी आली, बॅटरी कमी झाल्याचा इशारा कधी दिला, हे सगळं कीपॅडवर बघता येतं. कुठली बटणं दाबायची ते कंपनीप्रमाणे बदलतं, ते माहितीपुस्तकात असतं. साध्या पॅनलवर निदान शेवटच्या अलार्मच्या झोनचा दिवा तरी लुकलुकत राहतो. कोड मारून सायरन बंद केल्या केल्या तो दिवा बघा. परत सिस्टीम लावली की बऱ्याच पॅनलवर ती खूण पुसली जाते.

मागच्या पाच-सहा वेळच्या नोंदी कागदावर लिहून काढा, शेजारी त्या रात्री पाऊस होता का, लाइट गेली होती का हेही लिहा. मालक मला छातीठोकपणे सांगतात, "पुढच्या शटरचंच काहीतरी आहे." नोंद बघावी तर आतल्या खोलीचा सेन्सर. शटरवर दोन हजार घालवून झालेले असतात.

नोंद बघतानाच पॅनलचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघा. बॅटरी मेलेली असेल तर लाइट गेली की काही पॅनलचं घड्याळ मूळ वेळेवर जातं. ऑटो आर्म, म्हणजे ठरल्या वेळी सिस्टीम आपोआप लागायची सोय, रात्री दहाला लावलेलं असेल आणि घड्याळ बारा तास चुकलेलं असेल, तर सिस्टीम सकाळी दहाला लागते, गिऱ्हाइकं आत असताना. घड्याळ सरळ केलं तरी त्यामागची बॅटरीची तक्रार राहते, ती पुढं बघू.

दुसरी: सेन्सर पुसा, उघडून बघा

मोशन सेन्सर, ज्याला पीआयआर म्हणतात, तो माणूस ओळखत नाही, कॅमेऱ्यासारखं चित्रही बघत नाही. त्याच्या समोरच्या पांढऱ्या भिंगामुळं खोलीची बोटांसारख्या पट्ट्यांत विभागणी होते. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गरम वस्तू सरकली की तो लागतो. आता विचार करा, सहा मीटरवरचा माणूस आणि भिंगावर बसलेली पाल, दोन्ही त्याला सारखीच मोठी दिसतात. कोळ्याचं जळमट भिंगासमोर झुलत असेल तर तेही पुरतं.

गुळाच्या गोदामात ही तक्रार फार. गुळाच्या रव्यांमागं, म्हणजे ढेपांमागं, मुंगळे येतात, आणि सेन्सरच्या आत बोर्डाची थोडी ऊब असते. एकदा मार्केट यार्डात मी एका सेन्सरचं झाकण काढलं, तर वायर जिथून आत येते त्या भोकापासून बोर्डापर्यंत काळी रेघ लागलेली होती. मुंग्यांनी आत अंडी घातली होती, पांढऱ्या दाण्यांचा ढीग थेट त्या चकाकणाऱ्या गोल डोळ्याला टेकलेला. मालक तोवर दोनदा सेन्सर बदलून बसले होते. नवा सेन्सर, जुनं भोक, त्याच मुंग्या.

म्हणून असं करा. सिस्टीम बंद ठेवून भिंग कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. झाकण उघडलं की टँपर स्विचमुळं (झाकण उघडल्याचं पॅनलला कळवणारा स्विच) सायरन वाजू शकतो, तेव्हा आधी पॅनल सर्व्हिस मोडवर, म्हणजे दुरुस्तीच्या मोडवर, टाका, ते जमत नसेल तर झाकण उघडू नका. आतली घाण मऊ ब्रशनं काढा. आतल्या गोल डोळ्याला बोट लावू नका. कीटकनाशकाचा फवारा आत तर नाहीच, भिंगावरही मारू नका. प्लास्टिक धुरकट होतं आणि सेन्सर कायमचा मंद होतो. शेवटी वायरचं भोक सिलिकॉननं किंवा पुट्टीनं बंद करा. हे शेवटचं काम जवळपास कुणी करत नाही, आणि खरं काम तेच आहे.

जागाही बघा. सेन्सर साधारण सात-आठ फुटांवर असावा, त्याच्यासमोर काचेतून येणारं ऊन, एसीचा झोत, देवाची समई किंवा टांगलेला कॅलेंडरचा कागद नसावा. दुकान बंद करताना पंखा चालूच राहिला आणि समोर साड्यांचे हँगर असले तर रात्रभर हलणारं तेच असतं.

इथं एक चुकीचा उपाय फार चालतो. सेन्सर सारखा लागतोय ना, मग त्याची संवेदनशीलता कमी करा. तसं केलं की सायरन गप्प होतो आणि सगळे खूश. पण खोलीचं तापमान माणसाच्या अंगाच्या जवळ आलं की पीआयआरला माणूस आधीच नीट दिसत नाही. मे महिन्यात बंद पत्र्याच्या गोदामात संध्याकाळपर्यंत ती उष्णता टिकते. त्यात संवेदनशीलता कमी केलेली असेल तर समोरून चालत गेलेला माणूससुद्धा सुटतो. कारण सापडल्याशिवाय संवेदनशीलता ठरवणारा सेन्सरमधला तो जंपर हलवू नका.

तिसरी: शटर हलवून बघा

शटरला एक मॅग्नेट असतो आणि चौकटीला किंवा जमिनीला त्याचा जोडीदार, ज्याच्या आत बारीक रीड स्विच असतो. दोघं जवळ असले की सर्किट पूर्ण. वाऱ्यानं शटर गाइडमध्ये खडखडलं आणि अंतर क्षणभर वाढलं, की झोन उघडा.

तपासायला दोन माणसं आणि पाच मिनिटं. शटर खाली, दोन्ही बाजूंची कुलपं लावलेली. एकानं आत मागच्या दारानं जाऊन कीपॅडवर त्या झोनच्या दिव्याकडं बघायचं, दुसऱ्यानं बाहेरून शटर मधोमध धरून आत-बाहेर हलवायचं, मग खालून वर उचलून बघायचं. दिवा लुकलुकला तर दोष सापडला. आधी शटरचा ढिलेपणा काढा, मग मॅग्नेट सरळ रेषेत आणा. घरच्या दाराचा छोटा मॅग्नेट शटरला लावलेला असेल तर तो बदलून शटरसाठीचा जाड, जास्त अंतर सहन करणारा घ्या.

जमिनीत बसवलेल्या सेन्सरची वेगळी कथा. आपल्याकडं सकाळी दुकानासमोर पाणी मारायची पद्धत आहे. रोजच्या पाण्यानं त्याच्या वायरचा जोड आतून हिरवा पडतो. बाहेरून चिकटपट्टी छान दिसते, पण बोटानं दाबली की पाणी निघतं. असा जोड कापून नवा करा, सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवा आणि शक्य असेल तर जमिनीपासून हातभर वर घ्या.

चौथी: बॅटरी

पॅनलमध्ये बहुतेक १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. तीन ते पाच वर्षं धरा. पत्र्याच्या पेटीत, उकाड्यात आणि सारखी लाइट जाणाऱ्या भागात तीनच. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहिलेली नसेल तर ती जुनीच समजा.

बॅटरी कमजोर झाली तर सिस्टीम मुकी व्हायला हवी, उलट वाजते कशी, हे मला हमखास विचारतात. कारण असं. मोशन सेन्सरमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, शांत असताना वीज घेऊन ओढलेला असतो. वायर कापली तरी अलार्म व्हावा म्हणून ही योजना. लाइट गेली, बॅटरी उतरत गेली, सेन्सरला मिळणारे व्होल्ट नऊच्या आसपास आले की एकेक रिले सुटतो. पॅनलला वाटतं झोन उघडला. सायरन सुरू होतो, तो एकदम जास्त करंट खेचतो, बॅटरी आणखी बसते, पॅनल रीसेट होतं, पुन्हा उठतं, पुन्हा वाजतं. तीन-चार झोन एकदम लागण्यामागं बहुतेकदा हे असतं.

मल्टिमीटर असेल तर लाइट चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून खूप कमी असतील तर चार्जिंगचा दोष आहे, नवी बॅटरीही टिकणार नाही, मेकॅनिकला बोलवा. बरोबर असतील तर पॅनलचा मेन स्विच बंद करा आणि तासभर सिस्टीम बॅटरीवर चालू द्या. चांगली बॅटरी या वेळात साडेबाराच्या आसपास राहते. तासाभरात बाराच्या खाली आली तर बदला. मल्टिमीटर नसेल तर मेन स्विच बंद करून सायरन मिनिटभर वाजवा. आवाज ओढला गेला किंवा कीपॅडचे दिवे मंदावले तरी उत्तर मिळालं. नवी बसवताना लाल-काळी उलटी होऊ देऊ नका, आणि फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली मी इतक्या पॅनलमध्ये पाहिलीय की हे लिहावंच लागतं.

पाचवी: वायर आणि टोकाचा रेझिस्टर

इथून पुढं मल्टिमीटर हातात नीट धरता येत असेल तरच.

प्रत्येक झोनच्या वायरच्या शेवटी, म्हणजे सेन्सरच्या आत, एक रेझिस्टर असायला हवा. त्याला ईओएल (एंड ऑफ लाइन) म्हणतात. कंपनीप्रमाणे तो २.२, ४.७, ५.६ किंवा १० किलोओहमचा असतो. पॅनल सतत तो आकडा बघत असतं. आकडा गायब झाला म्हणजे वायर तुटली किंवा सेन्सर लागला, शून्य झाला म्हणजे वायर शॉर्ट झाली.

पॅनल पूर्ण बंद करा, मेनही आणि बॅटरीही. तक्रारीच्या झोनच्या दोन वायरी पॅनलमधून सोडवा आणि ओहममध्ये मोजा. शटर किंवा खिडकीचा झोन असेल तर रेझिस्टरची किंमत आणि वर थोडेच ओहम दिसायला हवेत. मोशन सेन्सरचा झोन वीज बंद असताना उघडाच दिसणार, त्यासाठी सेन्सरमध्ये रिलेच्या दोन टोकांवर वायरचा तात्पुरता तुकडा जोडून मग मोजा, आणि मोजून झाल्यावर तो काढायला विसरू नका. आता दुसऱ्याला जोड, वळणं, फॉल्स सीलिंगच्या वरची केबल हलवायला सांगा. आकडा नाचला तर जोड खराब. तीच वायर आणि अर्थिंग यांच्यात मोजा, काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर कुठंतरी ओल आहे किंवा उंदरानं वरचं आवरण खाल्लंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅनल उघडलं आणि सगळे रेझिस्टर पॅनलच्याच स्क्रूंना ओळीनं लावलेले दिसले, तर बसवणाऱ्यानं वेळ वाचवलाय. खोटा अलार्म त्यामुळं येत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कळत नाही. पण रेझिस्टर पॅनलमध्ये असेल तर पुढची वायर शॉर्ट झाली तरी पॅनलला सगळं ठीक दिसतं. पाण्यानं, उंदरानं किंवा कुणी मुद्दाम दोन वायरी जोडल्या, तर त्या पुढचा सेन्सर आंधळा, आणि कीपॅडवर हिरवा दिवा. कोल्हापुरात मी उघडलेल्या कितीतरी पॅनलमध्ये हे होतं. खोट्या अलार्मच्या निमित्तानं पॅनल उघडलंच आहे तर हे दुरुस्त करून घ्याच, पैसे पडले तरी.

कारखान्यांत आणखी एक बघा: सेन्सरची केबल मोटरच्या किंवा वेल्डिंग मशिनच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेलेली असते का. मशिन सुरू होताना तिच्यात खोटे झटके येतात. वेगळी करा, फूटभर तरी लांब ठेवा.

सहावी: प्रोग्रॅमिंग

प्रोग्रॅमिंग मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. वायरचा दोष प्रोग्रॅमिंगनं झाकता येतो, आणि तसा झाकलेला दोष पुढं महागात पडतो.

उघडताना-बंद करतानाच वाजत असेल तर दोन जागा बघा. पहिली, वेळ. आत आल्यावर कोड मारायला ३० सेकंद आणि बाहेर पडायला ४५ ते ६० सेकंद बहुतेक दुकानांना पुरतात. दोन शटरं आणि चार कुलपं असतील तर बाहेरची वेळ वाढवा. दुसरी, झोनचा प्रकार. शटरला वेळ दिलेला असतो, पण शटरपासून कीपॅडपर्यंतच्या वाटेवरचा मोशन सेन्सर 'तत्काळ' म्हणून लावलेला असतो. मालक शटर उघडून दोन पावलं टाकतात आणि सायरन. तो सेन्सर फॉलोअर प्रकारात टाका: शटर आधी उघडलं तर थांबेल, कुणी भिंत फोडून थेट आत आलं तर लगेच वाजेल.

बऱ्याच पॅनलमध्ये दोन सेन्सर ठरावीक वेळात लागल्याशिवाय सायरन वाजू नये अशी सोय असते. मोठ्या गोदामात, एकाच जागेवर दोन सेन्सरची नजर असेल तर ती चांगली. छोट्या दुकानात, एका खोलीला एकच सेन्सर असताना ती लावू नका. पॅनिक बटण आणि धुराचा सेन्सर यांना तर कधीच लावू नका, ते चोवीस तास आणि तत्काळच हवेत.

आणि कोड. कंपनीचा मूळ कोड बदललेला नसेल तर आज बदला. इन्स्टॉलर कोड, म्हणजे प्रोग्रॅमिंग बदलण्याचा कोड, मेकॅनिककडून लिहून घ्या, पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. मेकॅनिक गाव सोडून गेला आणि कोडही त्याच्याबरोबर गेला, मग पॅनल मुळापासून रीसेट करावं लागलं, असं दर वर्षी एखादं तरी काम माझ्याकडं येतं.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

पॅनलमधून जळका वास येतोय, ट्रान्सफॉर्मर हात ठेववत नाही इतका तापतोय, बॅटरी फुगलीय किंवा तिच्या टोकांवर पांढरी भुकटी आलीय. वीज कडाडल्यावर लगेच तक्रार सुरू झालीय. वायर कुरतडलेली नाही, सरळ कापलेली दिसतेय. ती हात न लावता तशीच ठेवा आणि आधी पोलिसांना कळवा. सेन्सर बारा-पंधरा फुटांवर आहे आणि घोडा, म्हणजे शिडी, ओल्या फरशीवर ठेवावा लागणार आहे. फायरचा झोन आहे. विम्याच्या किंवा बँकेच्या अटीवर बसवलेली सिस्टीम आहे. यातलं काहीही असेल तर झाकण लावा आणि फोन करा. २३० व्होल्टची बाजू उघडी दिसत असेल तर काही तपासूच नका.

पुराच्या पाण्यात बुडालेलं पॅनल वाळवून चालू करू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर दसरा चौक, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीच्या बाजूला लोकांनी बोर्ड उन्हात ठेवून परत बसवले. काही दिवस चालले, मग आतला गाळ ओल धरून तेच बोर्ड रात्री-अपरात्री वाजायला लागले. नवं बसवताना पेटी त्या भिंतीवरच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या.

दुरुस्तीनंतर

काम झालं की शेजाऱ्यांना सांगून वॉक टेस्ट करा. एकानं कीपॅडपाशी, दुसऱ्यानं प्रत्येक सेन्सरसमोरून आडवं चालायचं, कारण सरळ त्याच्याकडं येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं त्याला लवकर दिसतं. प्रत्येक शटर, प्रत्येक खिडकी उघडून बघा, फक्त दुरुस्त केलेली नव्हे. मग मेन स्विच बंद करून एकदा खरा अलार्म होऊ द्या. सायरन बॅटरीवर वाजला का, मोबाइलवर कॉल आला का बघा. तो कॉल करणाऱ्या डायलरच्या सिमचं रिचार्ज संपलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात नसतं.

शेवटी कीपॅडवर कुठला झोन बायपास राहिला नाही ना ते बघा. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: तारीख, झोन, काय सापडलं, काय बदललं. पुढच्या पावसाळ्यात मी आलो किंवा दुसरा कुणी आला, तरी पहिला तोच कागद वाचेल.